पाइपाच्या वरची भांडी

ज्याला साऱ्या जत्रा 'मनोरेवाला' म्हणून ओळखायच्या, त्याला स्वतःला साध्या स्टुलावर चढायची भीती वाटायची. दोन पायऱ्या चढला की तळपायांना घाम फुटायचा, तिसरीवर डोळ्यांपुढे अंधारी यायची. जत्रेतली मंडळी यावरून त्याची टर उडवायची. मोठा पाळणा चालवणारा रोज सकाळी हाक मारायचा, "या मनोरेवाले, आज पहिली फेरी फुकट!" आणि हा लांबूनच हात जोडायचा.

मनोरा रचायचा तो खालून. वर चढायची त्याची बायको. तो चार पावलं मागे सरून, एक डोळा मिटून सांगत राहायचा, "डावीकडे. थोडं. अंगठाभर. हां, बस्स." आणि ती शिडीच्या टोकावर उभी राहून पातेलं तसूतसूने सरकवायची. मधेच वरून म्हणायची, "एवढं दिसतंय तर या की वर." शेजारचे हसायचे, तोही हसायचा.

मनोरा होता स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा. खाली आंघोळीचं पाणी तापवावं एवढी मोठी पातेली उपडी घातलेली, त्यांवर त्याहून लहान, मग त्याहून लहान. मधे मधे तांब्याच्या बुडाची, म्हणजे पांढऱ्या चकाकीत एखादी लाल रेघ यावी तशी. फाटकातून आत शिरणाऱ्याला पाळण्याच्या आधी तो दिसायचा. लोक म्हणायचे, मनोऱ्यापाशी भेटू. चुकलेली पोरं मनोऱ्यापाशी आणून उभी करायचे.

त्याचा बापही भांडीच विकायचा, पण जमिनीवर पोतं पसरून, भांड्यांचा ढीग घालून. ढिगात हात घालायला कुणाला आवडत नाही, हे मुलाला फार लवकर कळलं. मोठा झाल्यावर त्याने स्वतःचं दुकान मांडलं ते सगळं उलट करून. लाकडी घोड्यांवर फळ्या, फळ्यांवर गडद निळं कापड. पांढऱ्या कापडावर स्टील मेल्यासारखं दिसतं, असं तो म्हणायचा. पुढच्या रांगेत हाताशी येतील अशा वस्तू: सोलाणी, किसण्या, गाळण्या, झारे. बाई थांबते ती छोट्या वस्तूसाठी, आणि थांबली की मग तिची नजर मागच्या कढईवर जाते. पळ्या आणि डाव आकड्यांना टांगलेले, वारा आला की किणकिणायला. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे प्रत्येक रांगेतलं एक भांडं तो मुद्दाम काढून ठेवायचा. दात पडल्यासारखी रांग दिसायची. नव्या माणसाला वाटायचं, विसरला. पण अख्ख्या रांगेला हात लावायला गिऱ्हाईक बिचकतं. एक फट दिसली की त्याला वाटतं, कुणीतरी आताच घेऊन गेलं, आपणही बघावं.

हे सगळं डोळ्यांचं काम. तोंडाचं काम त्याला जमायचं नाही. गिऱ्हाईक समोर आलं की त्याची दातखीळ बसायची. ते काम त्याच्या धाकट्या भावाचं. त्याला सगळे 'पोपट' म्हणायचे आणि त्याला त्याचा राग नव्हता. पोपट काठीच्या टोकाने तवा वाजवायचा आणि सुरू व्हायचा: "बघा ताई, या तव्यावर भांडण करा, नवरा चिकटेल, अंडं चिकटणार नाही!" आणि खरंच अंडं फोडून, तेलाचा थेंब न टाकता, तव्यावरून सुळकन घसरवून दाखवायचा. थोरल्याचे डोळे, धाकट्याची जीभ आणि वहिनीचे पाय, अशी तिघांची गाडी कित्येक वर्षं नीट चालली.

घरात भांड्याला भांडं लागतंच. यांचा तर धंदाच भांड्यांचा. पोपटाचं लग्न झालं, त्याची बायको शिवणकाम करणारी, हुशार, स्वतःचं काहीतरी असावं असं वाटणारी. ती एकदा नवऱ्याला सहज म्हणाली, "बोलता तुम्ही, विकता तुम्ही, आणि नाव मनोऱ्याचं?" वाक्य साधं होतं, पण पोपटाच्या मनात जाऊन बसलं. त्यात एका जत्रेत कुठली कढई पुढे ठेवायची यावरून दोघा भावांत गिऱ्हाइकांसमोर तोंडातोंडी झाली. थोरला म्हणाला, "बोलण्याने माल विकला जात असता तर रिकाम्या फळीवरही विकला गेला असता." पोपट म्हणाला, "मग तुझा मनोराच बोलेल आता." पुढच्या हंगामात धाकट्याने वेगळं दुकान लावलं, तेही बरोबर समोर. जागा वाटून देणाऱ्या माणसाला काय माहीत की हे भाऊभाऊ भांडलेत. त्याने भांडीवाले म्हणून एकाच ओळीत समोरासमोर टाकले.

पोपटाला मांडणी येत नव्हती. त्याच्या फळीवर बापासारखा ढीगच असायचा. पण त्याने लाउडस्पीकर आणला. दिवसभर त्याचा आवाज जत्रेवरून फिरायचा. तो मधेच पुकारायचा, "आता येतील त्या प्रत्येकाला एक चमचा फुकट!" की लोक खेळण्यांची दुकानं सोडून धावायचे. थोरला आपल्या निळ्या कापडामागे उभा राहून पाठमोऱ्या माणसांकडे बघत बसायचा.

बोलता येत नसलेल्या माणसाने काय करावं? त्याने मनोरा वाढवला.

मनोऱ्याच्या पोटात एक लोखंडी पाइप असायचा. फळीला भोक पाडून तो खाली जमिनीत ठोकलेला. मनोऱ्यातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला भोक होतं. ती भांडी विकायची नव्हतीच, वर्षानुवर्षं तीच पाइपात ओवली जायची. त्यामुळे कितीही वारा सुटो, मनोरा डुलायचा पण पडायचा नाही. आता उंची वाढवायची तर पाइप लांब हवा. वेल्डर म्हणाला, जोड देतो, पण आठवड्याने. जत्रा तर तोंडावर आलेली.

"पाइप संपला तिथे मनोरा संपला," बायको म्हणाली. जत्रेच्या आदल्या दिवशी ती शिडीवर होती आणि पाइपाचं तोंड तिच्या हाताखाली होतं. "याच्या वर काही ठेवायला नको. कशाला धरून राहील ते?"

"वर हलकी ठेवू. नवीच ठेवू, बिनभोकाची. वजन सगळं खाली आहे, वरची कुठे जातायत?"

"अहो, पण वाकलं जरा..."

"तू ठेव तर खरी. मी बघतोय ना खालून."

तिने एकदा पाइपाच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिने ठेवली. नवी, कोरी, आरशासारखी पातेली, एकावर एक, आणि सगळ्यात वर घट्ट झाकणाचा एक सुबक डबा. थोरला मागे मागे सरत पार समोरच्या ओळीपर्यंत गेला. पोपट आपल्या दुकानात पोती सोडत होता. त्याने मान वर केली, मनोऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा पोत्याची गाठ सोडायला लागला. थोरल्याला तेवढं पुरलं. त्या दिवशी तो फार खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी दाटली. मनोरा पाहायला लोक येत होते, पण पाहून समोर जात होते. चमच्यांचा पुकारा चाललेला. तेवढ्यात एक बाई फळीपाशी थांबली. तिने किसणी उचलली, ठेवली, वर पाहिलं आणि म्हणाली, "तो सगळ्यात वरचा डबा द्याल का? तसाच हवाय मला."

मनोऱ्यातलं विकत नसतो, हे त्याचं ठरलेलं उत्तर. पण वरच्या भांड्यांना भोक नव्हतं, ती विकण्यासारखी होती. आणि सकाळपासून थांबलेली ही पहिलीच बाई.

"देतो की," तो म्हणाला. "अगं, तो वरचा काढून दे."

बायको पाणी पीत होती. पेला ठेवून, साडीचा पदर खोचून ती शिडीवर चढली. शिडी मनोऱ्याच्या मागे, फळीला लागून. ती टोकापर्यंत गेली, एक हात लांब केला, डब्याला बोटं लागली. त्याच वेळी समोर लाउडस्पीकर गरजला, "शेवटचे चमचे! शेवटचे!" आणि चालता चालता थबकलेली सारी गर्दी एकदम वळली. माणसं माणसांवर आदळली. कुणाची तरी पाठ फळीवर आली, मग आणखी पाठी. फळी पाइपाभोवती तिरकी फिरली, शिडीला लागली.

त्याने हे सगळं पाहिलं. पाहत राहणं हेच त्याचं काम होतं, आणि तेवढंच त्याने केलं. पाय जागचे हलले नाहीत. बायको खाली आली, तिच्या मागून वरची भांडी आली. एक तिच्या डोक्यावर बसलं ते त्याला दिसलं. बाकीची आवाज करत गेली.

त्या आवाजाने सगळी जत्रा थांबली. पाळणाही थांबला. मग एक झाकण लांबवर गोल फिरत राहिलं, ते बराच वेळ कुणी थांबवलं नाही. आणि त्या शांततेत लाउडस्पीकरमधून सगळ्या मैदानावर पोपटाचा आवाज आला, "वहिनी!" माइक हातात घेऊनच त्याने फळीवरून उडी मारली होती. वायर ताणून तुटली तेव्हा आवाज बंद झाला.

पोपटानेच तिला उचललं. थोरल्याने फक्त तिची चप्पल उचलली आणि ती हातात धरून तो गाडीत बसला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता, त्याच्या पाठीवर कुणीतरी खिळ्याने रेघा ओढलेल्या. दोघं भाऊ त्याच्या दोन टोकांना बसले. पोपटाची बायको मधे उभी. आतून काही कळत नव्हतं. पोपट दोन्ही हातांनी डोकं धरून हलत होता.

"दादा, मी मारलं तिला," तो म्हणाला. "दोन कवडीच्या चमच्यांसाठी. मला दिसत होतं लोक ढकलतायत. दिसत होतं आणि मला बरं वाटत होतं."

थोरल्याने तोंड उघडलं. काहीतरी म्हणायचं होतं त्याला. पण कुठून सुरू करायचं ते सापडेना, आणि तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्या क्षणी राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकान आवरायला मैदानावर गेला. फळी वाकडी झालेली, निळं कापड चिखलात. आणि मनोरा तसाच उभा होता. पाइपात ओवलेलं एक भांडंसुद्धा हललं नव्हतं. फक्त पाइपाच्या वरचं नव्हतं. उन्हात सगळं लखलखत होतं आणि कुणीही नीट पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं.

तो पाहत उभा राहिला. मग सामान न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला त्याने सांगितलं, "पाड ते. दोरी लाव आणि ओढ."

"काढून घेऊ की एकेक. चांगली भांडी आहेत."

"पाड म्हणतो ना."

पोपट आला तोवर ढीग झाला होता. त्याने ढिगाकडे पाहिलं. "सगळाच कोसळला," तो हळूच म्हणाला. थोरला पोतं उघडून धरून होता. "हं," तो म्हणाला. एवढंच. पण या 'हं'वर त्याची पुढची वर्षं उभी राहिली.

बायको जगली. बरेच दिवस ती माणसं ओळखत नव्हती. मग ओळखू लागली, मग बोलू लागली, पण शब्द उशिरा यायचे, जणू कुणीतरी आतल्या खोलीत जाऊन एकेक शोधून आणतंय. उभं राहिलं की तोल जायचा. आणि आवाज सहन होत नसे. सगळे आवाज नव्हे, धातूचे. ताटाला वाटी लागली तरी ती दोन्ही कान दाबून कळवळायची, मग दिवसभर अंधारात पडून राहायची.

दोन खोल्यांचं घर. मागची खोली मालाने छतापर्यंत भरलेली. पोपटाने सगळा माल आपल्या घरी हलवला, एकेक भांडं गोधडीत गुंडाळून, चोर पाय टाकतात तसा. थोरल्याने फडताळांना जुन्या चादरी लावल्या, दाराच्या कडीला चिंधी बांधली. लाकडी चमचे आणले, प्लास्टिकच्या ताटल्या आणल्या. एकदा ती ताटलीकडे बघत बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "भांडेवाल्याच्या घरात... चमचा नाही." आणि हसली. पडल्यानंतर ती हसली अशी ती पहिली वेळ, आणि तो मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

पोपटाने आपलं दुकान बंद केलं. लाउडस्पीकर एका खेळणीवाल्याला देऊन टाकला. थोरल्याच्या फळीमागे तो पुन्हा उभा राहू लागला, पण आता गप्प. गिऱ्हाइकाने विचारलं तर "बघा" म्हणायचा, नाहीतर तेही नाही. लोक म्हणायचे, पोपटाची जीभ गेली काय? जत्रा संपली की वाटा मागायचा नाही. दर आठवड्याला वहिनीची औषधं आणायचा, तिच्या पायाशी बसायचा, तिची उशी सरळ करायचा. त्याची बायको रात्रंदिवस मशीन चालवून घर ओढत होती. ती कधी काही बोलली नाही, पण थोरल्याकडे आली की दारातूनच परत फिरायची.

सांगायचं राहून गेलंय, हे थोरल्याला रोज कळत होतं. टेम्पोत शेजारी बसल्यावर वाटायचं, आता सांगू. पोपट खिडकीबाहेर बघत असायचा. जाऊ दे, वहिनी बरी झाली की सांगू. कधी वाटायचं, सांगायचं तरी काय? गर्दी तर त्याच्याच पुकाऱ्याने वळली, ते काही खोटं नाही. पण लगेच पाइपाचं तोंड डोळ्यांपुढे यायचं. वरून बायकोचा आवाज यायचा, कशाला धरून राहील ते. पोपट शेजारी असला की त्याला बरं वाटायचं, भाऊ परत मिळाला असं वाटायचं, आणि हे बरं वाटणंच त्याच्या तोंडावर हात ठेवायचं. मनोरा त्याने पुन्हा कधी रचला नाही. विचारलं कुणी तर पोपटच उत्तर द्यायचा, "नको ते," आणि थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. सुरुवातीला घरातल्या बोलण्याचा तिला अर्थच लागत नसे, आणि अर्थ लागू लागला तेव्हा ते बोलणं मागे पडलं होतं. एकदा तिने विचारलं, "भावजी आता... गप्प का असतात?"

"वय झालं त्याचं," तो म्हणाला.

असं करत करत ती बरीच सुधारली. भिंतीला धरून खिडकीपर्यंत जायची, वाक्यं पुरी करायची. अशाच एका दुपारी पोपट औषधं घेऊन आला. थोरला आत चहा करत होता, काचेच्या भांड्यात, लाकडी चमच्याने ढवळत. बाहेरचं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

"वहिनी, तू चाललीस खिडकीपर्यंत?"

"दोनदा."

मग पोपटाचा आवाज. "वहिनी, एक सांगायचंय. किती दिवसांचं. तुला समजायची मी वाट बघत होतो. हे सगळं माझ्यामुळे झालं. मला माफ नको करूस, पण मी म्हटलेलं तुला कळू दे."

"तुमच्यामुळे?" ती म्हणाली. तिला खरंच उमजेना. "तुमच्यामुळे काय, भावजी?"

"मी लोकांना पळवलं. चमचे."

"ते होय." ती शब्द शोधत होती. "पण ती भांडी पडणारच होती. पाइप... पाइप खालीच संपला होता. वरची नुसती ठेवलेली. मी म्हटलं होतं यांना. आदल्या दिवशीच म्हटलं होतं."

थोरला कप घेऊन दारात आला होता. पोपटाने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून, फक्त हिशेब जुळत नाही अशा माणसाचा गोंधळ होता.

"दादा? मनोरा सगळाच कोसळला होता ना?"

थोरल्याने हातातल्या कपाकडे पाहिलं.

"मी पाहिला ना ढीग. दुसऱ्या दिवशी."

"तो मी पाडला," थोरला म्हणाला. "पडली होती ती वरचीच."

"तू पाडलास."

"टेम्पोवाल्याकडून. तू यायच्या आधी."

पोपट उठला. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने इकडे तिकडे पाहिलं, चादरी लावलेल्या फडताळांकडे, दाराच्या चिंधीकडे, जणू या सगळ्यात आपलं किती आणि दुसऱ्याचं किती ते तो नव्याने बघत होता. मग चपला घालायला गेला. घाईत डावीत उजवा पाय घातला, काढला, पुन्हा घातला. थोरला कप हातात घेऊन उभाच. दार लावताना पोपटाने कडीचा आवाज होऊ दिला नाही. तेव्हाही त्याला आठवण होती.

"चहा न घेता का गेले?" बायकोने विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि जणू तिच्या मनातल्या आतल्या खोलीत जाऊन कुणीतरी ती गोष्ट शोधून आणली.

"तुम्ही सांगितलं नव्हतंत?"

"नाही."

"इतके दिवस?"

तिने तोंड भिंतीकडे केलं. दिवे लागायच्या वेळी तिने पाणी मागितलं, त्याने दिलं. पेला परत देताना ती म्हणाली, "मला वाटलं, पहिल्याच दिवशी सांगितलं असेल तुम्ही. तुम्ही तसे आहात असं मला वाटायचं." आवाजात कडवटपणा नव्हता. तसा असता तर त्याला सोपं गेलं असतं.

पोपटाने टेम्पोतून माल परत पाठवला, एकेक भांडं गोधडीत गुंडाळलेलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मागची खोली पुन्हा भरली आणि थोरला त्या खोलीत अनवाणी, श्वास धरून वावरू लागला. त्याने एकदा धाकट्याच्या घराचं दार वाजवलं. आत शिवणाची मशीन चालू होती, ती थांबली. कुणी दार उघडलं नाही. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झाली, आणि तो जिना उतरला.

बायको त्यानंतर फार वर्षं राहिली नाही. त्याच्याशी ती बोलायची, औषध घ्यायची, खिडकीशी बसायची. पण पूर्वी त्याला वरून जशी हाक मारायची, "एवढं दिसतंय तर या की वर," तसं थट्टेने पुन्हा काही म्हणाली नाही. एका थंडीत ताप आला, छातीत उतरला आणि ती गेली. पोपट आला. खांदा द्यायला पुढे डावीकडे तो, मागे उजवीकडे थोरला. वाटेत चढ होता, तिथे सगळा भार मागच्यांवर आला आणि थोरल्याचा पाय लटपटला. पोपटाने मागे न बघता पावलं आखूड केली. चढ संपल्यावर तो पुन्हा आपल्या चालीने चालू लागला. सगळं उरकल्यावर तो निघून गेला.

घरात आता आवाज करायला कुणाची मनाई नव्हती. थोरल्याने बरेच दिवस चादरी काढल्या नाहीत. शेवटी एकदा फडताळावरचा एक तांब्या घसरून पडला, खणखणत गेला, आणि तो कान दाबून खाली बसला. तो आवाज आता त्यालाही सहन होत नव्हता. पण दुसरं काही येत नव्हतं. हंगाम आला तसा तो टेम्पो करून जत्रेला निघाला.

समोरच्या ओळीत पोपटाचं दुकान पुन्हा लागलेलं होतं, लाउडस्पीकरशिवाय. पोपट पोती सोडत होता. थोरल्याने नजर खाली घातली आणि एकट्याने फळी घोड्यावर चढवायला लागला. एक टोक वर गेलं की दुसरं घसरायचं. दुसऱ्यांदा फळी त्याच्या पायाच्या बोटांवर आली. तो बोटं धरून तसाच मातीत बसला.

कुणाची तरी सावली पडली. पोपटाची बायको. तिने आजवर त्याच्याशी कधी धड शब्द काढला नव्हता.

"दादा, ते तुमच्याशी बोलायचे नाहीत," ती म्हणाली. "मला तसं सांगून ठेवलंय. मीही बोलले नसते, खरं सांगते. माझ्या आयुष्याची इतकी वर्षं तुम्ही मशीनवर काढायला लावलीत."

"हो," तो म्हणाला.

"पण फळी एकट्याने उचलू नका म्हणालेत."

ती गेली आणि मागून पोपट आला. त्याने फळीचं दुसरं टोक धरलं. थोरल्याने उठून आपलं धरलं.

"उचल," पोपट म्हणाला. फळी घोड्यांवर बसली. "सोड." मग दुसरी फळी. "उचल. सोड." फळ्या झाल्यावर त्याने हात झटकले आणि आपल्या दुकानाकडे निघून गेला. थोरल्याने निळं कापड पसरलं, सोलाणी पुढे मांडली, गाळण्या मांडल्या. सगळं कमरेच्या उंचीच्या खाली.

तेव्हापासून प्रत्येक जत्रेत असंच चालतं. मांडायच्या सकाळी पोपट येतो, आवरायच्या संध्याकाळी येतो. उचल आणि सोड, याखेरीज दोघांत शब्द नाही. एकदा थोरला फळीचं टोक हातात धरून म्हणाला, "पोपटा, ऐक ना..." पोपटाने आपलं टोक तसंच धरून ठेवलं, वर त्याच्याकडे पाहिलं, आणि वाट पाहिली. थोरल्याला पुढचं काही सुचलं नाही.

"सोड," पोपट म्हणाला.